स्क्रीन फुटली आणि फोन लॉक! आतला डेटा कसा काढायचा?

स्वारगेटला एसटीत चढताना माझा फोन खिशातून निसटला, पायरीवर आपटला आणि खाली गेला. काच तडकली, डिस्प्ले पूर्ण काळा. घरी आलो तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच फोनचा अलार्म वाजला! स्क्रीन दिसत नाही, टच चालत नाही, शेवटी आवाजाचं बटण दाबून कसाबसा गप्प केला. म्हणजे फोन जिवंत होता, मेला होता फक्त डिस्प्ले.

फोटोंची मला काळजी नव्हती, ते गूगल फोटोजवर होते. जीव अडकला होता व्हॉइस रेकॉर्डरमध्ये. आजी गेली त्याआधीच्या दिवाळीत तिच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या होत्या, अकरा फाइल्स. फोटोंचा बॅकअप चालू आहे म्हणजे सगळ्याचाच होतोय, असा माझा समज होता. तसं नसतं. रेकॉर्डिंग, डाउनलोड केलेल्या फाइल्स, नोट्स हे बहुतेक फोनमध्ये फोनमध्येच राहतं.

तुमच्यावर ही वेळ आली असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. डेटा स्क्रीनमध्ये नसतो, तो आतल्या बोर्डवरच्या मेमरी चिपमध्ये असतो. स्क्रीन फुटल्याने त्याला काही होत नाही. अडचण असते ती लॉकची. अँड्रॉइड १० सोबत बाजारात आलेल्या सगळ्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं आहे, त्यामुळे आतला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली तुमचा पिन आणि त्या फोनचं स्वतःचं हार्डवेअर मिळून बनते. मेमरी चिप उपटून दुसरीकडे लावली तरी वाचता येत नाही. म्हणून पिन किंवा पॅटर्न माहीत असेल तर तो फोनमध्ये टाकायचा कसा, एवढाच प्रश्न उरतो. आणि पिन कुणालाच माहीत नसेल, तर खरं सांगतो, नवीन फोनमध्ये घरगुती मार्ग नाही. 'एका क्लिकमध्ये लॉक काढा' म्हणणारी सॉफ्टवेअर्स बहुतेक वेळा फोन रीसेट करतात. लॉक जातं, सोबत डेटाही जातो.

फोन उगाच बंद-चालू करू नका. चालू फोनमध्ये फिंगरप्रिंट चालू शकतं, पण रीस्टार्ट झाल्यावर पहिल्यांदा पिनच लागतो.

आता समजा डिस्प्ले दिसतोय पण टच मेलाय. हे सगळ्यात सोपं. ओटीजी अडॅप्टर घ्या, त्याला साधा यूएसबी माउस लावा. स्क्रीनवर बाण येतो, त्याने पिन दाबता येतो, पॅटर्नसुद्धा बटण दाबून धरून ओढता येतो. उघडल्यावर फाइल्स ड्राइव्हवर चढवा किंवा क्विक शेअरने दुसऱ्या फोनवर पाठवा. एक खोच आहे: ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं. अशा फोनला माउस लावून काहीच घडलं नाही तर अडॅप्टरला दोष देऊ नका.

डिस्प्लेच काळा असेल तर गोष्ट अवघड होते. काही महागड्या फोनच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो. सॅमसंगची एस ८ पासूनची गॅलेक्सी एस मालिका, पिक्सेल ८ आणि त्यापुढचे. त्यांना एचडीएमआय असलेला टाइप-सी हब लावला, हबला टीव्ही आणि माउस जोडला, की काम होण्याची चांगली शक्यता असते. पंधरा-वीस हजारांच्या बहुतेक फोनमध्ये मात्र ही सोय नसते. माझाही त्यातलाच.

मग मी कीबोर्ड लावला. स्पेस दाबली, पिन टाइप केला, एंटर. 'टक' असा लॉक उघडल्याचा आवाज आला आणि मी अक्षरशः उडी मारली. कीबोर्ड काढून केबल लॅपटॉपला लावली, फोनचं नाव दिसलं, आत फोल्डर रिकामा. कारण केबल लावल्यावर फोन आधी फक्त चार्जिंगवर असतो, 'फाइल ट्रान्सफर' हे नोटिफिकेशनमधून आपणच निवडावं लागतं. आणि तेच तर मला दिसत नव्हतं! अंदाजाने पिन पुन्हा पुन्हा टाकू नका, चुकीचे प्रयत्न वाढले की फोन थांबण्याचा वेळही वाढवत जातो.

यूएसबी डीबगिंग आधीपासून चालू असतं आणि लॅपटॉपला परवानगी दिलेली असती, तर एससीआरसीपीवाय या मोफत प्रोग्रामने फोनची स्क्रीन लॅपटॉपवर आली असती. पण ते बंद असलेल्या फोनमध्ये बाहेरून चालू करता येत नाही. शिवाय अँड्रॉइड ११ पासून सात दिवस न जोडलेल्या कॉम्प्युटरची परवानगी आपोआप रद्द होते.

आयफोनवाल्यांसाठी: लॉक होऊन एक तास उलटला की बाहेरून जोडलेलं उपकरण अनलॉक केल्याशिवाय तो सहसा स्वीकारत नाही. तिथे स्क्रीन बदलणं हाच सरळ रस्ता.

शेवटी मीही तेच केलं. पहिल्या दुकानात "फॉर्मॅट मारावा लागेल, नाहीतर होणार नाही," असं ऐकवलं. हे साफ चूक आहे. फोल्डर, म्हणजे टच आणि डिस्प्लेचा एकत्र भाग, बदलताना डेटाला हात लावायची गरजच नसते. बोर्ड बदलायचा म्हणाले तर मात्र थांबा, कारण जुन्या बोर्डसोबत डेटाही जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये फॉर्मवर 'डेटाची जबाबदारी आमची नाही' लिहिलेलं असतं, सही करण्याआधी रीसेट करणार का ते स्पष्ट विचारा. आणि पिन कुणालाही देऊ नका. टच चालतोय का हे लॉक स्क्रीनवरच कळतं.

मधल्या चार दिवसांत सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून कॉल आणि ओटीपीचं काम भागलं. व्हॉट्सॲप मी मुद्दाम दुसऱ्या फोनवर सुरू केलं नाही, कारण लॅपटॉपवर आधीच जोडलेलं होतं आणि मुख्य फोन वापरात नसला तरी ते चौदा दिवस चालतं.

दुसऱ्या दुकानात कॉपी फोल्डर अठराशे रुपयांत बसला, माझ्यासमोर, पाऊण तासात. दुकानाबाहेर कट्ट्यावर बसूनच मी रेकॉर्डर उघडला. अकराच्या अकरा फाइल्स होत्या. तिथेच त्या ड्राइव्हवर चढवल्या, मावशीलाही पाठवल्या. नव्या डिस्प्लेवर पांढरा रंग जरा पिवळट दिसतो, आणि सहाचा अलार्म अजून वाजतोच.