एका मोकळ्या फाईलची गोष्ट

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो संगणकावर साठवला, की त्याच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘जेपीजी’ अशी अक्षरं असतात. संगणकाच्या पडद्यावर दिसतं तेच चित्र म्हणून साठवलं, तर बहुतेक वेळा ‘पीएनजी’ असं लिहिलेलं असतं. दोन्ही चित्रंच, मग नावं वेगळी का? वर्गात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला गणिताबरोबर एक भांडणही सापडलं. छायाचित्रकार आणि संकेतस्थळांची मांडणी करणारे आज जी साधनं फुकट वापरतात, त्यांतल्या एका महत्त्वाच्या साधनाचा जन्म या भांडणातून झाला.

आधी एक छोटा हिशेब करू. संगणकावरचं चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. ८०० ठिपके रुंद आणि ६०० ठिपके उंच अशा चित्रात ४,८०,००० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर १४,४०,००० बाइट. १९९४ च्या सुमाराला टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला १८०० बाइट नेणारा मोडेम बऱ्यापैकी मानला जाई. म्हणजे एका चित्राला ८०० सेकंद, तेरा मिनिटांहून अधिक! चित्र लहान करून पाठवणं ही चैन नव्हती, गरज होती.

१९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने त्यासाठी ‘जिफ’ ही पद्धत आणली. एका चित्रात २५६ रंगच बसत, पण फाईल लहान होई. ही किमया ‘एलझेडडब्ल्यू’ नावाच्या युक्तीची. ठिपक्यांचा एखादा नवा गट भेटला, की त्याला एक क्रमांक द्यायचा. तोच गट पुन्हा आला, की सगळे ठिपके न लिहिता फक्त तो क्रमांक लिहायचा. गंमत म्हणजे क्रमांकांची ही यादी वेगळी पाठवावी लागत नाही. वाचणारा संगणक वाचता वाचता तीच यादी स्वतः तयार करतो.

या युक्तीची मूळ कल्पना अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली शास्त्रज्ञांची. तिला टेरी वेल्च यांनी सुधारलं आणि १९८४ साली लेख लिहून सर्वांपुढे मांडलं. लेख वाचून अनेकांनी युक्ती वापरायला घेतली. पण वेल्च ज्या कंपनीत काम करत, तिने १९८३ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. १९८५ मध्ये ते मिळालं आणि पुढे कंपन्यांच्या विलीनीकरणातून ते युनिसिस कंपनीकडे आलं. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जाहीर झालं, की जिफ वापरणाऱ्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनी आता परवाना घ्यायला हवा.

कायद्याने युनिसिसचा हक्क होता, हे मान्य करायला हवं. लोकांना बोचली ती वेळ. सात वर्षांत जिफ सगळीकडे पसरलं होतं. रस्ता वहिवाटीचा झाल्यावर कुणी तिथे जकातनाका उभारावा, तसं हे झालं.

उत्तर लगेच आलं. ४ जानेवारी १९९५ रोजी थॉमस बुटेल यांनी नव्या पद्धतीचा पहिला मसुदा संगणकजालावर सर्वांपुढे ठेवला. वेगवेगळ्या ठिकाणच्या जाणकारांनी पत्रापत्री करून त्यात दुरुस्त्या केल्या. मार्चमध्ये मसुदा पक्का झाला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी विश्वजालाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने पीएनजीची शिफारस केली.

यात एक गमतीदार वळण आहे. पेटंटची अडचण टाळून वापरता येईल अशी जी युक्ती या मंडळींनी निवडली, तिचं मूळही लेम्पेल आणि झिव्ह यांच्याकडेच होतं! वेल्च यांनी त्यांची १९७८ ची पद्धत सुधारली होती. पीएनजीने १९७७ च्या पद्धतीचा आधार घेतला. तिच्यात क्रमांकांची यादी नसते. ‘बारा ठिपके मागे जा आणि तिथून पाच उतरवून घे’ अशी सूचना असते.

पीएनजीने त्याआधी आणखी एक पायरी घातली. समजा, आकाशाच्या निळ्या रंगाचे आकडे १००, १०२, १०४, १०६, १०८ असे चढत जातात. यात काहीच पुन्हा येत नाही. पण प्रत्येक ठिपक्याचा शेजाऱ्याशी असलेला फरकच लिहिला तर? १००, २, २, २, २. आता पुनरावृत्ती दिसू लागली आणि चित्र आटोपशीर झालं. उलट बेरीज केली, की मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. पीएनजीत काहीही हरवत नाही, ते यामुळेच. शिवाय २५६ रंगांची मर्यादा गेली आणि अर्धपारदर्शक ठिपकेही साठवता येऊ लागले.

जेपीजीचा मार्ग वेगळा. डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील ते टाकून देतं. म्हणून फोटोची फाईल पुष्कळ लहान होते, पण अक्षरांच्या आणि रेघांच्या कडांना मळकट डाग येतात. आपल्या कामापुरतं सांगायचं, तर सहलीचे फोटो जेपीजीत ठेवावेत. हृदयाची नामनिर्देशित आकृती, आलेख किंवा नकाशा पीएनजीत.

नव्याचा विजय काही एका दिवसात झाला नाही. पीएनजीतली पारदर्शकता इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये नीट दिसायला २००६ साल उजाडलं. पीएनजीत हलती चित्रं नव्हती, म्हणून जिफही टिकलं. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं, तरी पीएनजीची गरज संपली नाही. २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हलती चित्रंही सामावली आहेत.

हे सगळं वर्गात करून पाहायला संगणकही लागत नाही. चौकटीच्या कागदावर मुलांना एक साधं चित्र काढू द्या आणि ते कमीत कमी शब्दांत शेजारच्या बाकावर ‘पाठवायला’ सांगा. मुलं स्वतःच युक्त्या शोधतील. मग विचारा, ‘ही युक्ती कुणाची? दुसऱ्यांनी ती वापरली तर चालेल का?’ आमचा अनुभव असा, की मोजण्यापेक्षा या प्रश्नावरच तास जास्त रंगतो.