कॅन्यन्स ऑफ द कोलोरॅडो

कॅन्यन्स ऑफ द कोलोरॅडो हे अमेरिकन भूवैज्ञानिक व शोधप्रवासी जॉन वेस्ली पॉवेल (२४ मार्च १८३४ – २३ सप्टेंबर १९०२) यांचे प्रवासवर्णनपर पुस्तक आहे. १८६९ साली ग्रीन व कोलोरॅडो या नद्यांच्या घळयांमधून नावेने केलेल्या प्रवासाची हकीकत हा त्याचा गाभा आहे. ही हकीकत प्रथम १८७५ मध्ये सरकारी अहवालाच्या रूपात प्रसिद्ध झाली. तिची वाढवलेली आवृत्ती १८९५ मध्ये प्रस्तुत नावाने निघाली. 'द एक्स्प्लोरेशन ऑफ द कोलोरॅडो रिव्हर अँड इट्स कॅन्यन्स' या नावाने हे पुस्तक पुढेही पुनर्मुद्रित होत राहिले. अमेरिकेच्या पश्चिम भागाविषयीच्या साहसपर व इतिहासविषयक वाङ्मयात त्याची गणना अग्रगण्य ग्रंथांत होते. मात्र रोजनिशीच्या स्वरूपात मांडलेला त्यातील मजकूर प्रवासानंतर काही वर्षांनी रचलेला आहे. त्यामुळे ऐतिहासिक साधन म्हणून त्याचे मोल किती, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चा झाली आहे.

लेखक

पॉवेल यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील माउंट मॉरिस येथे झाला. अमेरिकन यादवी युद्धात ते उत्तरेच्या संघराज्याच्या सैन्यात होते. एप्रिल १८६२ मधील शायलोच्या लढाईत गोळी लागून त्यांचा उजवा हात कोपराच्या खालून कापावा लागला. युद्धानंतर त्यांनी इलिनॉय राज्यात भूविज्ञानाचे अध्यापन केले. विद्यार्थी व हौशी निसर्गअभ्यासक यांना बरोबर घेऊन ते रॉकी पर्वताच्या प्रदेशात अभ्यासदौरे काढीत. या दौऱ्यांतूनच कोलोरॅडो नदीच्या घळयांचा नदीमार्गे शोध घेण्याची कल्पना त्यांच्या मनात आली. १८८१ ते १८९४ या काळात ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या ब्यूरो ऑफ एथ्नॉलॉजी या मानववंशशास्त्रीय संस्थेचे ते पहिले प्रमुख होते व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

१८६९ ची मोहीम

१८६९ पूर्वी कोलोरॅडोच्या खोऱ्याचा मोठा भाग नकाशांवर जवळजवळ कोराच होता. २४ मे १८६९ रोजी वायोमिंग प्रदेशातील ग्रीन रिव्हर या रेल्वेस्थानकाच्या गावातून दहा जणांची तुकडी चार नावांतून निघाली. 'एमा डीन' ही सोळा फूट लांबीची पाइन लाकडाची नाव पॉवेल यांच्या पत्नीच्या नावावरून ओळखली जाई. ती पुढे राहून मार्ग पाहत असे. 'किटी क्लाइड्स सिस्टर', 'मेड ऑफ द कॅन्यन' व 'नो नेम' या उरलेल्या तीन नावा ओक लाकडाच्या असून प्रत्येकी एकवीस फूट लांब होत्या. दहा महिने पुरेल एवढा शिधा, तसेच उंची मोजण्यासाठी वायुभारमापक, सेक्स्टंट व कालमापक ही उपकरणे त्यांत भरलेली होती.

तुकडीत पॉवेल यांचे बंधू वॉल्टर पॉवेल, तसेच जॅक समनर, जॉर्ज ब्रॅडली, ओरामेल हाउलँड, सेनेका हाउलँड, विल्यम डन, फ्रँक गुडमन, विल्यम हॉकिन्स व अँड्र्यू हॉल हे होते. त्यांपैकी बरेच जण माजी सैनिक किंवा शिकारी होते. पॉवेल वगळता कोणीही भूवैज्ञानिक नव्हते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लोडोर कॅन्यनमध्ये 'नो नेम' ही नाव खडकांवर आपटून फुटली. माणसे वाचली, परंतु शिध्याचा व सामानाचा मोठा भाग वाहून गेला. जुलैच्या प्रारंभी गुडमन यांनी मोहीम सोडली. पुढे जेथे पाणी खडकांमधून तीव्र उताराने फेसाळत धावते अशा द्रुतवाहांची संख्या वाढत गेली. अशा ठिकाणी नावा किनाऱ्यावरून दोरांनी धरून सोडाव्या लागत, किंवा सामानासह उचलून खडकांवरून पलीकडे न्याव्या लागत. पीठ भिजून बुरसले आणि खारवलेले मांस खराब झाले. ऑगस्टमध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये शिरताना मुख्यतः पीठ, सुकवलेली सफरचंदे व कॉफी एवढेच उरले होते.

२८ ऑगस्ट रोजी एका अत्यंत धोकादायक द्रुतवाहापाशी हाउलँड बंधू व डन यांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि ते चढून वरच्या पठाराकडे गेले. उरलेल्या सहा जणांनी 'एमा डीन' तेथेच सोडली व दोन नावांतून तो द्रुतवाह पार केला. दुसऱ्याच दिवशी ते ग्रँड कॅन्यनमधून बाहेर पडले. ३० ऑगस्ट रोजी व्हर्जिन नदीच्या मुखाशी त्यांना मासेमारी करणारे मॉर्मन वसाहतकरी भेटले. मोहीम बुडाल्याची बातमी तोपर्यंत पसरली होती आणि नदीतून काही अवशेष वाहत येतात का, हे पाहण्याची सूचना या लोकांना मिळालेली होती. पठारावर गेलेले तिघे मात्र पुन्हा कोणालाही दिसले नाहीत.

लेखन व प्रकाशन

१८९५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत पॉवेल यांनी पुस्तकाच्या जन्माची हकीकत दिली आहे. मोहिमेचा हेतू शास्त्रीय असल्याने साहसाची कथा प्रसिद्ध करण्याचा त्यांचा विचार नव्हता. प्रवासात ते तपकिरी कागदाच्या लांब, अरुंद पट्ट्यांवर टिपणे ठेवीत व या पट्ट्यांच्या लहान वह्या जाड चामड्यात बांधीत. पुढील संशोधनासाठी सरकारी अनुदान मागताना प्रतिनिधिगृहातील विनियोजन समितीचे सदस्य जेम्स गारफील्ड यांनी प्रवासाचा वृत्तांतही छापला जावा असा आग्रह धरला. हेच गारफील्ड पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

१८७५ मध्ये 'स्क्रिब्नर्स मंथली' या मासिकात हा वृत्तांत लेखमालेच्या रूपाने आला. त्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेच्या देखरेखीखालील संशोधनाचा अहवाल म्हणून तो सरकारी मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. अहवालाचा पहिला भाग मोहिमेच्या इतिहासाचा, दुसरा प्रदेशाच्या भूरचनेचा व तिसरा प्राणिशास्त्राचा होता. १८९५ च्या आवृत्तीत शास्त्रीय विवेचनाऐवजी प्रदेशाचे व तेथील लोकांचे वर्णन करणारी प्रकरणे घालण्यात आली आणि शेवटी ग्रँड कॅन्यनवरील स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. ही आवृत्ती पेनसिल्व्हेनिया राज्यातील मीडव्हिल येथून फ्लड अँड व्हिन्सेंट या प्रकाशनसंस्थेने काढली.

स्वरूप व शैली

प्रवासाचा भाग तारीखवार नोंदींत विभागलेला असून बहुतांशी वर्तमानकाळात लिहिलेला आहे. पुढच्या वळणावर काय आहे हे लेखकालाही ठाऊक नसावे, असा भास त्यामुळे निर्माण होतो. खडकांचे रंग, कड्यांची उंची, पाण्याचा आवाज यांची वर्णने सविस्तर आहेत. घळयांना व उपनद्यांना नावे कशी मिळाली, याच्याही नोंदी येतात. गढूळ पाण्याच्या एका उपनदीला 'डर्टी डेव्हिल' हे नाव मिळाले. ग्रँड कॅन्यनमधील एका निर्मळ ओढ्याला तिच्या उलट 'ब्राइट एंजल' असे नाव देण्यात आले.

पुस्तकातील चित्रांमुळेही या प्रदेशाची प्रतिमा वाचकांच्या मनात ठसली. १८७३ मध्ये पॉवेल यांच्याबरोबर ग्रँड कॅन्यनला गेलेले चित्रकार थॉमस मोरान यांनी त्यांपैकी काही चित्रे काढली.

भूवैज्ञानिक महत्त्व

ग्रीन नदी युइंटा पर्वतरांगेला वळसा न घालता तिला छेदून का जाते, या प्रश्नाचे पॉवेल यांनी दिलेले उत्तर विशेष गाजले. त्यांच्या मते नदी आधीपासून वाहत होती. तिच्याखालील जमीन सावकाश उचलली जात असताना नदी त्याच गतीने आपले पात्र खोल करीत राहिली. अशा नदीच्या दरीसाठी त्यांनी 'पूर्ववर्ती' या अर्थाची संज्ञा रूढ केली. युइंटाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण पुढे मागे पडले. परंतु संज्ञा व तिच्यामागील विचार भूरूपशास्त्रात टिकून राहिले. नदी ज्या पातळीखाली आपले पात्र खोदू शकत नाही त्या पातळीची संकल्पनाही त्यांनीच स्पष्टपणे मांडली. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी कललेल्या प्राचीन खडकांवर आडवे थर बसलेले दिसतात. मधल्या काळात प्रचंड जाडीचे खडक झिजून गेले असले पाहिजेत, हा त्याचा अर्थ त्यांनी पुस्तकात सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत सांगितला.

मूळनिवासी लोक व लोककथा

पुस्तकात युट, पायूट, होपी इत्यादी मूळनिवासी समाजांच्या चालीरीती, वस्त्या व कथा यांचे वर्णन आहे. पायूट लोक पॉवेल यांना 'कापुरात्स', म्हणजे एक हात नसलेला, या नावाने ओळखत. त्यांनी नोंदवलेल्या एका कथेत पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या प्रमुखाला तावव्होत्स हा देव परलोकातील सुखभूमी दाखवतो. तेथे जाण्यासाठी पर्वतांतून केलेली वाट म्हणजेच कॅन्यन होय. जगण्याला कंटाळलेल्यांनी त्या वाटेने जाऊ नये म्हणून देव तिच्यात खवळलेली नदी सोडतो. भूविज्ञानाचे व लोककथेचे असे दोन्ही अर्थ एकाच ग्रंथात नोंदलेले आढळतात. तथापि मूळनिवासी समाजांना विकासाच्या खालच्या पायरीवर मानणारी तत्कालीन दृष्टी पॉवेल यांच्या लेखनातही दिसते.

विश्वसनीयतेचा प्रश्न

पॉवेल यांनी १८७१–७२ मध्ये सरकारी अनुदानावर दुसरी नदीमोहीम काढली. तिच्यात सर्वेक्षक अल्मन हॅरिस थॉम्प्सन, छायाचित्रकार व तरुण चित्रकार फ्रेडरिक डेलनबॉ हे होते. पुस्तकात या दुसऱ्या नदीप्रवासाची स्वतंत्र हकीकत नाही; उलट तिच्यातील काही निरीक्षणे व प्रसंग १८६९ च्या तारखांखाली गुंफलेले आहेत. पहिल्या मोहिमेत छायाचित्रकार नव्हता. त्यामुळे पुस्तकातील छायाचित्रांवर आधारित चित्रे नंतरच्या काळातील आहेत. नावेवर बांधलेल्या खुर्चीत बसलेले पॉवेल ही लोकप्रिय प्रतिमाही दुसऱ्या मोहिमेशी संबंधित आहे. दुसऱ्या तुकडीची कामगिरी पुढे डेलनबॉ यांच्या 'अ कॅन्यन व्हॉयेज' (१९०८) या पुस्तकातून वाचकांसमोर आली.

पहिल्या मोहिमेत ब्रॅडली यांनी गुप्तपणे रोजनिशी ठेवली होती. ती, समनर यांची रोजनिशी व पॉवेल यांची मूळ टिपणे १९४७ मध्ये 'युटा हिस्टॉरिकल क्वार्टर्ली'मध्ये छापली गेल्यावर पुस्तकाची पडताळणी शक्य झाली. कड्यावर अडकलेल्या पॉवेल यांना ब्रॅडली आपली चड्डी उतरवून तिचा दोर म्हणून उपयोग करून वर घेतात, हा प्रसिद्ध प्रसंग पुस्तकात जूनमध्ये येतो. ब्रॅडली यांच्या रोजनिशीत तो जुलैमध्ये आहे. प्रसंग खरा, परंतु त्याचे स्थळ व काळ कथनाच्या सोयीने बदललेले, असे अनेक ठिकाणी आढळते.

तिघांचे प्रस्थान व मृत्यू

सर्वांत गंभीर वाद २८ ऑगस्टच्या घटनेविषयी आहे. पुस्तकानुसार ओरामेल हाउलँड यांनी आदल्या रात्री पॉवेल यांना पुढे न जाण्याची विनंती केली. पॉवेल रात्रभर विचार करीत राहिले आणि सकाळी दोन्ही गटांनी जड अंतःकरणाने निरोप घेतला. जो तो दुसऱ्याचाच मार्ग अधिक धोक्याचा मानत होता. समनर व हॉकिन्स यांनी मात्र उतारवयात वेगळे सांगितले. त्यांच्या म्हणण्यानुसार पॉवेल यांचे डन व हाउलँड यांच्याशी आधीच खटके उडालेले होते. अभियंता रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन यांनी ही निवेदने मिळवली व ती 'कोलोरॅडो रिव्हर कॉन्ट्रोव्हर्सीज' (१९३२) या पुस्तकात प्रसिद्ध झाली. ब्रॅडली यांच्या रोजनिशीत छावणीतील असंतोषाची नोंद आहे. पण ती त्या भयंकर द्रुतवाहाच्या संदर्भात येते, वैयक्तिक भांडणाच्या नव्हे. घटनेच्या वेळीच लिहिलेली असल्याने या नोंदीला विशेष महत्त्व दिले जाते.

तिघांना शिव्विट्स पायूट लोकांनी मारले, असे पुस्तकात म्हटले आहे. १८७० मध्ये मॉर्मन मार्गदर्शक जेकब हॅम्ब्लिन यांच्यासह पॉवेल या लोकांना भेटले. एका स्त्रीवर अत्याचार करणारे खाणकामगार समजून चुकीने त्यांची हत्या झाली, असे तेथे सांगितले गेले आणि पॉवेल यांनी सूड न घेता ते मान्य केले. काही संशोधकांनी स्थानिक मॉर्मन वसाहतकऱ्यांवर संशय व्यक्त केला आहे. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूने मिळालेला नाही.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर उभारलेल्या पॉवेल स्मारकावर या तिघांची नावे कोरण्यात आली नाहीत. मोहीम अर्ध्यावर सोडणारे म्हणून त्यांना वगळणे अन्यायाचे होते, अशी टीका नंतर झाली. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी इतरांइतकेच कष्ट व धोके सोसले होते. त्यांनी स्वतः ग्लेन कॅन्यनमधील 'म्युझिक टेंपल' या गुहेत आपली नावे खडकावर कोरली होती आणि दुसऱ्या मोहिमेने ती पाहिली होती. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवण्यास प्रारंभ झाल्यानंतर ती जागा जलाशयाखाली गेली. त्या जलाशयाचे नाव 'लेक पॉवेल' असे आहे.

प्रभाव

या पुस्तकामुळे 'ग्रँड कॅन्यन' हे नाव सर्वतोमुखी झाले. नदीवर पॉवेल यांना मिळालेल्या कीर्तीमुळे त्यांच्या पुढील, कमी रंजक परंतु अधिक दूरगामी लेखनाला वजन आले. १८७८ च्या अहवालात त्यांनी पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात शेती सिंचनावाचून शक्य नाही आणि उपलब्ध पाणी सर्व जमिनीला पुरणार नाही, असे प्रतिपादन केले. १८९३ मध्ये लॉस एंजेलिस येथील सिंचन परिषदेत हेच सांगितल्यावर त्यांना श्रोत्यांचा रोष पत्करावा लागला. कोलोरॅडोच्या पाणीवाटपाचे वाद तीव्र झाल्यावर या इशाऱ्याचे महत्त्व पुन्हा जाणवले. वॉलेस स्टेग्नर यांचे 'बियाँड द हंड्रेड्थ मेरिडियन' (१९५४) हे पॉवेल यांच्यावरील पुस्तक त्यांच्या पुनर्मूल्यांकनास मुख्यतः कारणीभूत ठरले.

आज या पुस्तकाकडे शब्दशः रोजनिशी म्हणून न पाहता अनुभव, शास्त्र व स्मृती यांतून घडवलेले साहित्य म्हणून पाहिले जाते. १८६९ च्या मोहिमेचा अभ्यास करताना ते ब्रॅडली व समनर यांच्या रोजनिशींसह वाचण्याची पद्धत रूढ झाली आहे.