सुटलेल्या गावांची आडनावे

एकोणिसाव्या शतकातील इटालियन विद्वानांची चरित्रे वाचताना एक गंमत ध्यानात येते. लोकगीतांचा आणि जुन्या नाट्यवाङ्मयाचा संशोधक आलेस्सांद्रो द’आंकोना १८३५ मध्ये जन्मला तो पिसा येथे. गणितज्ञ व्हीतो व्होल्तेरा १८६० मध्ये जन्मला तो आंकोनात. इटालियन बोलीभाषांच्या अभ्यासाचा पाया घालणारा भाषाशास्त्रज्ञ ग्रात्सियादिओ इझाया आस्कोली हा ईशान्य सीमेवरच्या गोरित्सियाचा. आस्कोली हे गाव तिथून कितीतरी दक्षिणेला, मार्के प्रांतात आहे. पुढच्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञ ब्रूनो पोंतेकोर्व्हो आणि ‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’चा दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्व्हो हे भाऊही पिसाचेच, पोंतेकोर्व्हो हे गाव मात्र रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान आहे. आंकोना आडनावाचा माणूस पिसात आणि व्होल्तेरा आडनावाचा माणूस आंकोनात. या सर्वांच्या आडनावात एकेक गाव आहे, पण त्या गावात जन्मलेला एकही नाही.

हा योगायोग नव्हे. आंकोनात राहणारे सगळेच आंकोनाचे. तिथे एखाद्याला ‘आंकोनाचा’ म्हटल्याने तो इतरांपासून वेगळा ओळखता येत नाही. ते नाव उपयोगी पडते ते माणूस दुसऱ्या शहराच्या वेशीतून आत आल्यावर, आणि ते त्याला देतात ते तिथले लोक. म्हणजे गावावरून पडलेले आडनाव माणूस कुठे आहे हे सांगत नाही, तो कुठून निघाला हे सांगते. आणि तेही तो स्वतः सांगत नसतो, त्याचे नवे शेजारी सांगत असतात. इटालियन भाषेत या नावांची रूपे अनेक: कधी ‘दा’ किंवा ‘दी’ हे शब्दयोगी, कधी -एझे, -आनो, -ईनो असे प्रत्यय, तर कधी काहीच न जोडता नुसते गाव.

चित्रकारांची उदाहरणे आपल्या वाचकांना अधिक परिचित असतील. पाओलो कालियारी व्हेरोनाहून व्हेनिसला गेला म्हणून ‘व्हेरोनेझे’ झाला; तो व्हेरोनातच राहिला असता तर जगाने त्याला कालियारी म्हणून ओळखले असते. आंतोनियो आल्लेग्रीचा ‘कोर्रेज्जो’ झाला. मिकेलांजेलो मेरीझीला रोममध्ये ‘कारावाज्जो’ म्हणू लागले, आणि शतकानुशतके त्याचा जन्म कारावाज्जो गावी झाला असे लिहिले गेले. २००७ मध्ये मिलानच्या एका चर्चच्या नोंदवहीत त्याच्या बाप्तिस्म्याची १५७१ ची नोंद सापडली, आणि तो मुळात मिलानचा हे स्पष्ट झाले. कुटुंब कारावाज्जोचे, बालपणाचा काही काळ तिथे गेलेला, पण जन्म मिलानचा. नावावरून जन्मगाव ठरवण्याची सवय किती फसवी असते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

अर्थात ही चित्रकारांची नावे म्हणजे आडनावे नव्हेत, उपनामे. ती ज्याची त्याच्यापाशी संपत. लिओनार्दोचे ‘दा विंची’ हेही आडनाव नव्हेच. ‘दा विंचीने हे चित्र काढले’ असे लिहिणे म्हणजे ‘पैठणच्याने हे भारूड रचले’ असे म्हणण्यासारखे आहे. (अठराव्या शतकाच्या आरंभी नेपल्समध्ये लिओनार्दो विंची नावाचा एक नामांकित संगीतरचनाकार होऊन गेला, त्याचे विंची हे मात्र खरोखरचे आडनाव. ग्रंथालयांच्या सूच्यांत या दोघांची गल्लत होते.) उपनाम आडनाव कधी बनते? नातू जेव्हा आजोबाचे गाव न पाहताच ते गाव नावात वागवू लागतो तेव्हा. ख्रिस्ती समाजात या प्रक्रियेला गती दिली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने. १५६३ मध्ये तिने धर्मगुरूंना बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले, आणि वहीत एकदा उतरलेले नाव सहसा पुसले जाईना.

चर्चच्या वह्यांबाहेरच्या ज्यूंपैकी एकाने हे स्थित्यंतर स्वतःच नोंदवून ठेवले आहे. व्हेनिसचा रब्बी लेओन मोदेना हाही १५७१ मध्येच जन्मला. हिब्रू भाषेत त्याने लिहिलेले आत्मचरित्र हे त्या काळातील अत्यंत मोकळ्या आत्मकथनांपैकी एक आहे. जुगाराचे व्यसन, मुलांचे मृत्यू, कर्जे, काहीच त्याने लपवलेले नाही. त्यात तो घराण्याची हकीकत सांगतो: पूर्वज फ्रान्सहून आले, मोदेनात स्थिरावले, तिथे सावकारीची पेढी काढून संपन्न झाले. पुढे कुटुंब हलले. १५७० च्या भूकंपामुळे आईवडिलांनी फेरारा सोडले आणि लेओन व्हेनिसमध्ये जन्मला. आपण इटालियन सही ‘व्हेनिसचा लेओन मोदेना’ अशी करतो, ‘मोदेनाचा लेओन’ अशी नव्हे, कारण मोदेना हे आता आपले कुलनाम उरले आहे, असे तो आवर्जून सांगतो. एक अक्षर गाळण्याचा हा आग्रह मला फार अर्थपूर्ण वाटतो. ‘दा’ असेपर्यंत गावाशी नाते जिवंत असते. तो गळला की गाव संपते आणि नाव सुरू होते.

पण सगळीच गावे अशी आपसूक सुटलेली नव्हती. १५५५ मध्ये पोप चौथ्या पॉलने रोममधील ज्यूंना टायबर नदीकाठच्या एका कोंदट वस्तीत भिंतीआड राहण्यास भाग पाडले. चौदा वर्षांनी, १५६९ मध्ये, पोप पाचव्या पायसने फर्मान काढले की इटलीतील धर्मराज्यात रोम आणि आंकोना ही दोन शहरे वगळता ज्यूंनी कोठेही राहू नये. मधल्या काळात हे निर्बंध सैल झाले, पण १५९३ मध्ये पुन्हा आवळले गेले. रोमभोवतीच्या टेकड्यांवरील लहानलहान गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, सावकारी, वैद्यकी किंवा कापडाचा व्यापार करणारी कुटुंबे उठली आणि त्या भिंतीआड आली. आजही रोमच्या ज्यूंत दी सेन्यी, दी व्हेरोली, दी नेपी, तेर्राचीना, सेर्मोनेता ही आडनावे ठायीठायी आढळतात. तालियाकोत्सो हे गाव नेपल्सच्या राज्यातले. त्या राज्यातून ज्यूंना १५४१ मध्येच घालवून देण्यात आले होते. ही आडनावे नकाशावर मांडली तर रोमभोवती विझलेल्या ज्यू वस्त्यांचे एक कडेच तयार होते. त्या गावांत ना सिनेगॉग उरले, ना माणसे. गावांची स्मृती काही अंशी जपली ती ज्या वस्तीत त्यांना कोंडले तिथल्या नावांनी.

आल्प्स ओलांडून आलेल्यांनी तर गावांची नावे इटालियन जिभेवर घोळवून ओळखू न येण्याजोगी केली. ऑत्तोलेंगी म्हणजे जर्मनीतील एट्लिंगेन. मोरपुर्गो म्हणजे मारबुर्ग, आजच्या स्लोव्हेनियातील मारिबोर.

मराठी वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. आपल्याकडील ‘-कर’ प्रत्ययाची आडनावेही बहुधा गाव सुटल्यानंतरचीच असतात, आणि कोकणातील बेने इस्राएल समाजाने हाच प्रत्यय उचलून केहिमकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावे घेतली. मुंबईत वाढलेला केहिमकर आणि पिसात वाढलेला द’आंकोना यांची एकमेकांना ओळख पटायला हरकत नव्हती.

मात्र गावाचे नाव आणि आडनाव एकच दिसले की दुसरे पहिल्यावरून आले असे मानणे हा भाबडेपणा आहे. फेरारा हे शहर उत्तरेकडील, पण फेरारा हे आडनाव विपुल आढळते ते कांपानिया आणि सिसिली या दक्षिणेच्या प्रदेशांत. तिथे त्याचे मूळ शहरात नसून लोखंडाच्या भट्टीत आहे. लोहाराच्या धंद्यावरून आलेल्या फेर्रारी, फेर्रारो यांचेच ते भावंड. रोमजवळ मारीनो नावाचे गाव आहे, पण नेपल्सच्या कवी जांबात्तिस्ता मारीनोसारख्यांच्या आडनावामागे ते गाव शोधण्याची गरज नाही. मारिनुस या जुन्या व्यक्तिनामातून ते सरळ येते. एमिदिओ दे फेलीचे याने १९७८ मध्ये इटालियन आडनावांचा कोश सिद्ध केला. तो चाळताना पानोपानी हाच धडा मिळतो: आडनाव हा पुरावा असतो, पण कशाचा, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते.

कधी नावाचा प्रवास उलटाही होतो. पेत्रार्क ज्या आर्क्वा गावी १३७४ मध्ये वारला, ते १८६८ पासून ‘आर्क्वा पेत्रार्का’ झाले. कार्दुच्चीचे बालपण जिथे गेले ते कास्तान्येतो १९०७ पासून ‘कास्तान्येतो कार्दुच्ची’ आहे. पास्कोलीचे सान माउरो १९३२ मध्ये ‘सान माउरो पास्कोली’ झाले. पेत्रार्काच्या बाबतीत तर आणखी एक वळण आहे: ते आडनाव म्हणजे कवीने बापाच्या ‘पेत्राक्को’ या नावाला चढवलेला लॅटिन साज. त्या अर्थाने त्या गावाने एका नोटरीच्या घरगुती नावाचे ओझे सन्मानाने उचलले आहे.

सान माउरोचे नामकरण झाले तेव्हा फॅसिस्ट राजवट होती. त्याच राजवटीने सात वर्षांनी आडनावांकडे मोर्चा वळवला, आणि तेव्हा हा विषय विद्वानांच्या करमणुकीचा राहिला नाही. ज्याचे आडनाव एखाद्या शहराचे तो ज्यू, असा एक समज इटलीत दीर्घकाळ रुळलेला होता. तो खोटा आहे. मेस्सीना, जेनोव्हेझे, रोमानो अशी स्थलवाचक आडनावे लावणारी असंख्य ख्रिस्ती कुटुंबे त्या देशात आहेत; घरदार सोडून पोटामागे जाणे ही काही एकाच धर्माची मक्तेदारी नव्हती. परंतु १९३८ च्या ऑगस्टमध्ये ज्यूंची शिरगणती झाली, सप्टेंबरात त्यांना शाळा-विद्यापीठांतून काढण्यात आले, नोव्हेंबरात वंशविषयक कायदा आला. आणि १३ जुलै १९३९ च्या कायद्याने आडनावांना हात घातला. ज्या ज्यूंनी पूर्वी आडनाव बदलून आपले ज्यूपण न दर्शवणारे नाव घेतले असेल, त्यांनी मूळ आडनाव पुन्हा धारण करावे. आणि ज्यू नसूनही ज्यूंमध्ये रूढ म्हणून प्रसिद्ध असलेले आडनाव ज्यांना असेल, त्यांना ते बदलून मिळावे, अशी त्यात तरतूद होती. या दुसऱ्या कलमात एक कबुली दडलेली आहे. नावावरून वंश ओळखता येत नाही हे ते कलम लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून तर नावेच ओळखता येण्याजोगी करून ठेवावीत, असा तो खटाटोप. बाजारगप्पेतला एक अंदाज कायद्याने खरा करून दाखवायचा होता.

व्हीतो व्होल्तेराने १९३१ मध्येच राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन अध्यापकपद गमावले होते. तो १९४० मध्ये वारला. त्याच वर्षी जोर्जो बास्सानी या तरुणाचे पहिले पुस्तक निघाले, पण ‘जाकोमो मार्की’ या टोपणनावाने. बास्सानी हे आडनाव बास्सानो या गावावरून आलेले, आणि ज्यू म्हणून परिचित. ते मुखपृष्ठावर छापण्याची सोय उरली नव्हती.

नातालिया गिन्झबुर्गच्या पहिल्या पुस्तकाची कथा याहून विलक्षण आहे. ती माहेरची लेव्ही. नवरा लेओने मूळचा ओडेसाचा, रशियन साहित्याचा अभ्यासक आणि फॅसिझमचा कडवा विरोधक. गिन्झबुर्ग हे त्याचे आडनाव बव्हेरियातील ग्युन्त्सबुर्ग या गावाचेच रूप. १९४० मध्ये राजवटीने त्याला आब्रुत्सोच्या डोंगराळ भागातील पित्सोली या गावी स्थानबद्ध केले आणि नातालिया मुलांसह तिथे राहिली. तिथे लिहिलेली तिची लघुकादंबरी १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. लेव्ही किंवा गिन्झबुर्ग यांपैकी कोणतेही नाव छापणे शक्य नव्हते, म्हणून मुखपृष्ठावर ‘आलेस्सांद्रा तोर्निंपार्ते’ असे नाव आले. तोर्निंपार्ते हे त्याच लाक्विला प्रांतातले एक गाव आहे. ग्युन्त्सबुर्ग झाकायला तोर्निंपार्ते घेतले. युद्धानंतर तेच पुस्तक नातालिया गिन्झबुर्ग या नावाने निघाले. लेओने तोवर हयात नव्हता. १९४४ च्या फेब्रुवारीत रोमच्या तुरुंगात, जर्मनांनी केलेल्या छळानंतर, तो मरण पावला होता.