बऱ्हाणपूरचा शाही हम्माम

बऱ्हाणपूरचा शाही हम्माम : तापीच्या उत्तर तीरावरील शाही किल्ल्यात असलेले मोगलकालीन स्नानगृह. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात जिल्ह्याचे ठिकाण असले, तरी ते जुन्या खानदेशची राजधानी होते आणि असोदा, जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्याचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. फारुकी सुलतानांनी वसवलेले हे शहर १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेल्यावर मोगलांच्या दक्षिण मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. शाहजहान १६३० ते १६३२ या काळात येथूनच निजामशाहीविरुद्धची मोहीम चालवत होता आणि त्याच मुक्कामात १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महलचा बाळंतपणात मृत्यू झाला. किल्ल्यातील हम्माम परंपरेने या दांपत्याशी जोडला जातो.

हम्माम म्हणजे केवळ न्हाणीघर नव्हे. कपडे बदलण्याचे दालन, मग कोमट आणि शेवटी उष्ण दालन असा त्याचा क्रम असतो. बाहेरच्या भट्टीतील ऊब जमिनीखालच्या पोकळ्यांतून व भिंतींतून आत खेळवली जाते आणि घुमटातील लहान झरोक्यांतून उजेड येतो, पण ऊब फारशी बाहेर जात नाही. ही रचना मुळात रोमनांची. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवरील चेस्टर्स येथे नदीकाठी रोमन घोडदळाच्या स्नानगृहाचे अवशेष उभे आहेत. आगीच्या भीतीने असे स्नानगृह बहुधा ठाण्याच्या तटाबाहेर बांधत आणि तेथे साधा शिपाईही न्हाऊन, गप्पा मारून, सोंगट्या खेळून जाई. हीच पद्धत पुढे बायझंटाइन व अरब प्रदेशांतून इराणात आणि तेथून भारतात आली. बऱ्हाणपूरचा हम्माम मात्र राजपरिवारासाठी, तटाच्या आत आहे. लष्करी ठाणे दोन्हीकडे असले, तरी स्नानाचा हक्क सारखा नव्हता.

आतल्या दालनांत चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर फुलापानांची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. तिथल्या एका चित्रातील इमारतीला ताजमहालाचे मूळ म्हणून दाखवण्याची वाटाड्यांना हौस आहे, परंतु त्या दाव्याला भक्कम आधार नाही. या अवशेषांचे खरे महत्त्व पाण्यात आहे. तापी किल्ल्याच्या पायाशी असली, तरी ती खोल पात्रातून वाहते व तिचे पाणी वर चढवणे कष्टाचे. त्यामुळे जहांगीरच्या काळात अब्दुर्रहीम खानखानाने १६१५ च्या सुमारास शहरासाठी कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीयोजना उभारली. सातपुड्यात मुरून तापीकडे झिरपणारे पावसाचे पाणी वाटेतच भुयारात धरायचे आणि उतारानेच शहराकडे न्यायचे, ही तिची युक्ती. भुयारावर ठरावीक अंतराने खणलेल्या विहिरींना कुंडी म्हणतात. हवा खेळती राहावी व गाळ काढता यावा, हा त्यांचा मुख्य उपयोग; या कुंड्या शंभरावर आहेत. इराणातील कनात या भूमिगत जलमार्गांशी तिचे नाते उघड आहे, कारण आखणी करणारा तबकतुल अर्ज हाही इराणीच होता. ना मोट, ना रहाट. पाण्यातील चुन्याचे थर साचून आज भुयारे काही ठिकाणी अरुंद झाली आहेत, तरी पाणी वाहते आहे.

म्हणून हम्माम पाहणाऱ्याने चित्रांवर वेळ घालवून परत न फिरता शहराबाहेरची कुंडीही पाहावी; पाण्याची वाट ध्यानात आल्यावाचून या इमारतीचा अर्थ अर्धाच कळतो. कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला आहे.