जुनापाणी येथील शिलावर्तुळे

विदर्भातील महापाषाणयुगीन दफनस्थळ. नागपूर शहराच्या वायव्येस, काटोल रस्त्यालगतच्या माळावर सुमारे ३०० शिलावर्तुळे विखुरलेली असून ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची मानली जातात. काळ्या दगडाच्या अनघड शिळांचे कडे मांडून, आत मृताचे अवशेष, काळी-तांबडी मृद्भांडी व लोखंडी हत्यारे ठेवून, वर माती व गोट्यांची रास रचावी, अशी या दफनांची सर्वसाधारण पद्धती होती.

मध्य प्रांतातील कापसाचा बंदोबस्त पाहणारे अंमलदार जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी १८६७ मध्ये येथील काही राशी उकरल्या. त्यांतून निघालेल्या लोखंडी वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. परंतु कोणती वस्तू कोणत्या थरात व कशाच्या सान्निध्यात होती, याचा काटेकोर दाखला ठेवण्याची शिस्त त्या काळी रुळलेली नसल्याने, उकरलेल्या राशीविषयीचे पुष्कळसे ज्ञान राशीबरोबरच नाहीसे झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये केलेले उत्खनन या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. पुढे याच परिसरातील माहुरझरी येथे शां. भा. देव यांना माणसांबरोबर पुरलेले घोडे व त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. घोडा बाळगणाऱ्यांची प्रतिष्ठा त्यावरून सहज ध्यानात यावी.

कड्यातील काही शिळांवर वाटीसारखे उथळ खळगे ओळीने कोरलेले दिसतात. एवढ्या कठीण दगडात ते ज्या अर्थी कष्टाने पाडले, त्या अर्थी ते निर्हेतुक नसावेत, असे मानणे भाग आहे. खळग्यांच्या शिळा ठराविक दिशांना मांडल्या असाव्यात, असेही काही संशोधकांचे मत आहे. मात्र ते पडताळावयाचे तर शिळा मूळ जागी असावयास हवी.

नेमकी येथेच हानी जाणवते. पुरलेला ऐवज धुंडाळणाऱ्यांनी रास मधोमध खणली तरी कडे निदान शाबूत राहते. परंतु शेताचा धुरा रचावयास, घराच्या पायास किंवा रस्त्याच्या खडीस शिळा उचलून नेली की राशीची मर्यादा व दिशा दोन्ही पुसली जातात, आणि उरलेला गोट्यांचा ढीग शेतातून वेचून टाकलेल्या दगडांहून वेगळा ओळखू येत नाही. म्हणून नव्या उत्खननास हात घालण्यापूर्वी, शिल्लक असलेल्या प्रत्येक शिळेची जागा, दिशा व तिच्यावरील खळगे यांची मोजणी होऊन नकाशा तयार होणे अगत्याचे आहे.