चाकांवरची सांजवस्ती

अमेरिकेतील वृद्धांच्या फिरत्या वसाहतींचा इतिहास आपण शोधू लागलो की तो घराच्या उंबऱ्यापाशी नव्हे, मोटारीपाशी सुरू होतो. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे तंबू-मोटारी घेऊन उतरलेल्या प्रवाशांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना स्थापली. हिवाळ्यात उत्तरेचा बर्फ सोडून दक्षिणेस उतरणाऱ्या निवृत्तांना पुढे ‘स्नोबर्ड्स’, म्हणजे हिमपक्षी, हे नाव पडले. चाकांवरची घरे उभी करण्याचे तळ, ज्यांस तिकडे आर. व्ही. पार्क म्हणतात, त्यांच्यावर बहरले.

वयाची अट मात्र मागाहून आली. बेन श्लायफर ह्यांनी १९५४ साली ॲरिझोनात, फिनिक्सच्या पश्चिमेस, केवळ वृद्धांसाठी यंगटाउन वसविले. (नाव ‘यंग’, वस्ती वृद्धांची!) १ जानेवारी १९६० रोजी शेजारीच डेल वेब ह्यांची सन सिटी खुली झाली. मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास १९८८ साली कायद्याने बंदी घातली. तथापि ८० टक्के घरांत किमान एक रहिवासी ५५ वर्षांवरील असेल, अशा वसाहतींना तीतून सूट मिळाली. १९९५ च्या कायद्याने वृद्धांसाठी खास सोयी पुरविण्याची अटही काढून टाकली. सूट राहिली, सेवेचे बंधन गेले. हे आम्हांस खटकते.

यंगटाउनमध्येच ह्या अटीची कसोटी लागली. एक किशोरवयीन नातू आजीआजोबांच्या आश्रयास आला आणि गावाचा नियम आडवा आला. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयापर्यंत गेले व १९९८ साली गावाची वयाची अट संपुष्टात आली. संकटातील नातवास घरात घेणे हा अपराध ठरावा, हे आमच्या धर्मग्रामांतील कोणत्या आजीला पटेल? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ पासून आजीआजोबांचा जागतिक दिन सुरू केला, तो ह्या नात्यासाठीच. पण आपणही फार ताठ बोलू नये. मुले आखातात वा कॅनडात आणि माडीच्या खोल्यांना कुलपे, अशी घरे आपल्या आळीतही आहेत.

आता पुढे काय? १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेल्या मोठ्या पिढीतील धाकट्यांनी २०१९ साली पंचावन्नी गाठली. त्यांच्यामागून येणारी पिढी संख्येने लहान आहे. शिवाय गाडी रहिवाशाची, जमीन दुसऱ्याची, ही जुनी अडचण आहेच. गुंतवणूकदार कंपन्या तळ विकत घेतात, भाडे वाढवितात. आणि वर्षानुवर्षे एका जागी रुतलेले ‘फिरते’ घर हलविणे म्हाताऱ्यांस झेपत नाही. २८ सप्टेंबर २०२२ च्या ‘इयन’ वादळाने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील अशा वस्त्यांची दैना केली, ती वेगळीच.

दोन वाटा आम्हांस आशादायक वाटतात. १९७८ साली जो व के पीटरसन ह्या दांपत्याने स्थापलेल्या ‘एस्केपीज’ क्लबने टेक्ससमधील लिव्हिंग्स्टन येथे केंद्र काढले. गाडी चालविणे ज्यांना आता जमत नाही असे सभासद तेथे स्वतःच्याच गाडीत राहतात. जेवण, देखभाल, डॉक्टरकडे नेणे-आणणे केंद्र पाहते. दुसरी वाट न्यू हॅम्पशरची. तेथे १९८४ साली मेरेडिथमधील रहिवाशांनी सहकारी संस्था करून पायाखालची जमीनच विकत घेतली. आता भाडे किती असावे, हे तेथे सभासदांच्या मताने ठरते.