चिपमधली खासगी

इंदूरच्या महाराणी रोडवर एका दुकानाच्या माळ्यावर मी पहिली चिप लिहिली, तेव्हा तिच्या पाठीवर काचेची खिडकी होती. इंटेलची ८७५१. आतला प्रोग्राम पुसायचा तर ती वीसेक मिनिटं अतिनील दिव्याखाली ठेवायची, आणि पुसला जाऊ नये म्हणून खिडकीवर चंदेरी पट्टी चिकटवायची. आमच्या धंद्यातलं पहिलं कुलूप म्हणजे ती पट्टी.

मग १९९३ मध्ये एटमेलची एटी८९सी५१ आली. खिडकी गेली, दिवा गेला. ४ किलोबाइट फ्लॅश, आणि सगळी पुसायला डोळ्याचं पातंही लवत नाही. ही स्मृती तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली होती. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात पुसली जाते, म्हणून त्यांच्या सहकाऱ्यानं हे नाव सुचवलं. या चिपमध्ये तीन लॉक-बिट होते. पहिल्यानं पुढचं लिहिणं बंद, दुसऱ्यानं वाचणं बंद, तिसऱ्यानं बाहेरच्या स्मृतीतून प्रोग्राम चालवणंही बंद. पीथमपूरच्या कारखान्यांसाठी आम्ही टायमर आणि काउंटर बनवायचो. एकाचा माल चालला की दुसरा त्याची चिप वाचून तसाच माल काढायचा. म्हणून पार्सल बांधण्याआधी दुकानदार हमखास विचारायचा, “भिया, लॉक मार दिया ना?” कुलूप शेजाऱ्यासाठी असतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

कुलूप लागलं म्हणजे बिट शून्य झाला. हे उलटं वाटतं, पण फ्लॅशचा स्वभावच तसा आहे. पुसलेल्या जागेत सगळे एक असतात. लिहिताना एकाचा शून्य होतो, पण शून्याचा पुन्हा एक करायला पुसावंच लागतं. म्हणून बिट शून्य करणं सोपं ठेवलं, आणि तो परत मिळवायचा तर सगळी चिप, म्हणजे आतला प्रोग्रामसुद्धा, पुसावी लागेल अशी सोय केली. ज्यानं कोणी हे योजलं त्याच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

माझे डोळे उघडले ते २००३ मध्ये. मध्य प्रदेशात विजेचे हाल होते. सांवेरकडच्या एका शेतकऱ्याच्या पंपासाठी मी एटमेगा८ वर स्टार्टर बनवला होता. ही चिप स्वतःच्याच फ्लॅशमध्ये लिहू शकते. पाणी किती वेळ चाललं त्याची नोंद मी तिथेच ठेवायचो. लिहिणारा भाग शेवटच्या २ किलोबाइटमध्ये, बूट विभागात. एका संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर झालं आणि पंप गप्प झाला. नमुन्याचा बोर्ड होता, लॉक मारलेलं नव्हतं, म्हणून चिप वाचता आली. बूट विभागात मधोमध ६४ बाइट सलग एफएफ, एफएफ, एफएफ, म्हणजे सगळे एक, पुसलेले. बरोबर एक पान. अपुऱ्या विजेवर प्रोसेसर भरकटला, लिहिणाऱ्या ओळींवर जाऊन पडला आणि त्यानं स्वतःचंच पान पुसलं. नेहमीचं लॉक मारलं असतं तरी हे थांबलं नसतं, कारण ते बाहेरच्या माणसाला अडवतं. बूट विभागाचे लॉक-बिट वेगळे असतात. त्यांतला एक शून्य केला, व्होल्टेज उतरताच प्रोसेसर थांबवणारी सोय ४ व्होल्टवर चालू केली, आणि तो पंप पुन्हा कधी तसा अडला नाही.

त्या रात्री राजवाड्यावरून घरी येताना मला होळकरांची खासगी आठवली. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना स्वतंत्र जहागीर लावून दिली, तीच खासगी. दौलतीचा, म्हणजे राज्याचा, हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. फौजेचा खर्च कितीही चढला तरी तो दौलतीवर पडायचा. अहिल्याबाईंची घाटांची, देवळांची, अन्नछत्रांची कामं पुढे याच खासगीतून झाली. शत्रूपासून खजिना राखायला किल्ले होतेच. ही भिंत घरातल्याच गरजांपुढे उभी केली होती. आम्ही इंदूरचे मराठी लोक लहानपणापासून ही गोष्ट ऐकतो, आणि मला ती कळायला एक जळका पंप लागला नसला तरी एक पुसलेलं पान लागलं.

आता माझ्याकडे शिकायला येणारी मुलं एसटीएम३२एफ१०३ वापरतात. तिच्यात फ्लॅशचं नियंत्रण करणारं रजिस्टर चालू होतानाच बंद असतं. उघडायला षोडशमान पद्धतीतले दोन आकडे, ठरलेल्या क्रमानं, लिहावे लागतात: आधी ४५६७०१२३, मग सीडीईएफ८९एबी. एखादा चुकला तर रीसेट होईपर्यंत ते उघडत नाही. भरकटलेल्या प्रोग्रामला हे दोन्ही आकडे लागोपाठ सापडणं जवळजवळ अशक्य. शिवाय प्रत्येक ४ किलोबाइटसाठी एक राखण-बिट. मुलं विचारतात, हे आकडे आले कुठून. मी त्यांना प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे करून अदलाबदल करायला सांगतो. शून्यापासून एफपर्यंतची सरळ मोजणी कागदावर उतरते. ती बघून झाली की पहिल्या ४ किलोबाइटचा बिट शून्य करायचा, आणि मगच पुढचं काम.